दुसऱ्याच्या आवाजातलं मरण

मी बावीस वर्षांचा होतो तेव्हापासून म्हातारा आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत माझा पहिलाच हंगाम, नायिकेच्या बापाचं काम करणारा नट तापाने पडला, आणि मालकाने माझ्या डोक्यावर पांढरी पावडर ओतून हातात काठी दिली. ती काठी पुढे तीस वर्षं सुटली नाही. नायकाचा चेहरा देवाने दिला नव्हता, त्यामुळे बाप, काका, पोलीस पाटील, गावातला वेडा, जे वाट्याला येईल ते केलं. पुढे नाटकं लिहायलाही लागलो आणि प्रत्येक नाटकात स्वतःसाठी एक बाप ठेवला. तो दुसऱ्या अंकात मरायचा. बाया डोळ्यांना पदर लावायच्या आणि मला वाटायचं, आपणही कोणीतरी आहोत.

माझा खरा बाप मात्र एकाही नाटकाला आला नाही. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर आमची धानाची शेती. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, आमच्याच गावात माझं नाटक लागलं, पाहुण्यांनी घर भरलं, सगळे उठून मांडवात गेले, बाबा घरीच बसले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काऊन नाई आले?"

"मी जित्ता आहो ना? मंग तू बाप होऊन मरतं, ते मी कायले पाहू?"

राग आला, आणि तो मला कित्येक वर्षं पुरला. घर सोडून मी गोंदियाला राहायला गेलो. मी निघताना बाबा ओट्यावरून एवढंच म्हणाले, "जाशीन तं जाय, पण दार उघडं ठेवून जाय."

हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. पुण्याचा एक दिग्दर्शक आमचं नाटक बघून गेला आणि म्हणाला, पटकथा लिहा, बापाचं कामही तुम्हीच करा, तेव्हा ते बाहेर काढलं. त्या सिनेमातला बाप म्हणजे आमचे बाबाच. त्यांचं खाकरणं, त्यांचे टोमणे, ते दाराचं वाक्य, सगळं मी उचललं. त्यांना सांगितलं नाही.

शूटिंग आमच्याच भागात झालं, आणि तिथे मी माती खाल्ली. झाडीपट्टीत आम्ही नाटक पाठ करत नाही. आज हे गाव, उद्या ते, नाटकही दुसरं. पडद्याआडून प्रॉम्प्टर वाक्य टाकतो आणि नट ते उचलतो. स्वतः लिहिलेलं वाक्यही मला प्रॉम्प्टरने दिल्याशिवाय तोंडात येत नसे. म्हणून मी आमच्या प्रॉम्प्टरला सोबत नेलं आणि तनसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगामागे बसवलं. त्याने आपल्या पद्धतीने, मांडवाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात वाक्यं टाकली. आवाज रेकॉर्ड करणाऱ्याने दोनदा हटकलं. मी म्हटलं, तीस वर्षांचा धंदा आहे आमचा, आम्हाला शिकवू नका.

दिवाळीनंतर पुण्याहून फोन आला. माझ्या प्रत्येक वाक्याआधी दुसरंच कोणी ते बोलतंय, स्टुडिओत येऊन आवाज पुन्हा द्यावा लागेल, चार दिवस लागतील. मंडईचा हंगाम ऐन भरात होता. "होळीनंतर येतो," मी म्हणालो. पुन्हा फोन आला नाही, तेव्हा त्यांनी निभावून नेलं असेल असं मी धरून चाललो.

तोवर काचबिंदूने बाबांचे दोन्ही डोळे गेले होते आणि मी त्यांना गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला माझ्या घरी आणलं होतं. सिनेमा गोंदियात लागला तेव्हा ते आपणहून म्हणाले, "डोये गेले, कान आहेत ना. आता तू मेला तं दिसनार नाई मले. चाल, तुयं बोलनं आयकतो."

तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं सहज आलं. दुपारच्या खेळाला मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. तिकीटवाला म्हणाला, "चाचाजी को तो दिखता नहीं, टिकट काहे को?" मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सुरुवातीला लेखकाचं नाव आलं, ते मी बाबांना वाचून दाखवलं. ते ताठ बसले.

मग पडद्यावर मी आलो, तोंड उघडलं, आणि त्यातून भलताच आवाज निघाला. भरदार, स्वच्छ, पुण्याचा. माझी वाट न पाहता त्यांनी दुसऱ्याच नटाकडून आवाज देऊन घेतला होता.

बाबांनी माझं मनगट धरलं. "तू कवा येशीन?"

"येतो, थांबा."

दाराचं वाक्य आलं. "जायचं तर खुशाल जा, पण दार उघडं ठेवून जा." बाबांनी ते ऐकलं आणि काहीच ओळखलं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं, "कवा येशीन?" मी पुन्हा थांबा म्हणालो. शेवटी बाप मेला, मागच्या रांगेत कोणी नाक ओढलं, आणि आता ‘थांबा’ म्हणायला पुढे काही उरलं नाही.

"हा मेला ना बाबा, तो मीच."

"हा तू?"

"हो. सिनेमात असंच बोला लागते."

का खोटं बोललो? खरं सांगायचं तर माझा ताठा सांगावा लागला असता, हंगामापायी चार दिवस काढले नाहीत हे सांगावं लागलं असतं. बाहेर पायऱ्यांवर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"सारे रडून रायले होते. मले नाई आलं रडू," ते म्हणाले. "घरचा कोनी मेला असं वाटलंच नाई."

पावसाळ्यात त्यांनी खाट धरली. मी रोज उशाशी बसायचो, आज सांगू म्हणायचो, की बाबा, तो आवाज माझा नव्हता. एवढंच वाक्य, माझंच. तोंड उघडायचो आणि कोणीतरी ते आधी म्हणेल म्हणून थांबायचो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाबा गेले. त्यांच्या लेखी पडद्यावरचा तो परका माणूस मीच होतो.