चादर घालण्याआधी

डॉक्टर वसंतभाऊ गेले, त्याला आता महिना होत आला. ते माझ्याशी शेवटचं बोलले नागपूरच्या एका इस्पितळात, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी, स्ट्रेचरवर. हनुवटीपर्यंत चादर. म्हणाले, ‘‘शेवंताबाई, जेवून घ्या.’’ त्यांच्या पत्नीला, मालतीताईंना, वाटलं भूल आधीच चढली. मला मात्र हसू आलं...

ऐंशीच्या दशकात एटापल्लीकडच्या एका छोट्या दवाखान्यात ते सर्जन होते आणि मी नर्स. ऑपरेशनआधी पेशंटची कातडी ते स्वतः धूत. मधून सुरुवात, गोल गोल बाहेर, आणि बाहेर गेलेला कापसाचा बोळा पुन्हा आत आणायचा नाही. मी वैतागायची, ‘‘डॉक्टर, पेशंट धुऊन राह्यले का भाताचा गंज घासून राह्यले?’’ ते मान वर न करता म्हणत, ‘‘टाके पिकले तर शिव्या तुम्हीच देसान मले.’’

एकदा रुकनी नावाची बाई बैलगाडीतून आली. बाळ आडवं. कमरेखाली भूल दिली, पोट धुतलं, वाफेत निर्जंतुक केलेल्या चादरी घातल्या. तेव्हा आम्ही चेहराही झाकायचो, फक्त पोटापुरतं उघडं. तेवढ्यात दार लोटून तिची आई आत घुसली. तिच्या गावात डोक्यापर्यंत झाकतात ते फक्त मेलेल्याला. ‘‘माही पोरगी मेली नाई! काऊन झाकलं तिले?’’ म्हणत तिनं चादरी ओढून काढल्या आणि लेकीच्या पोटाला मिठी मारली. सगळं वाया गेलं. ड्रममध्ये निर्जंतुक चादरींची एकच जोडी उरली होती आणि बाळाचे ठोके मंदावत होते. म्हातारीला कसंबसं दाराबाहेर नेलं, पण ती पुन्हा आत शिरली असती तर संपलंच होतं. मला भयंकर राग आला होता.

वसंतभाऊंनी पोट पुन्हा धुवायला घेतलं, मधून बाहेर, तसंच. धुता धुता रुकनीला म्हणाले, ‘‘तुही माय दारात हाये. तिले काईतरी सांग.’’

रुकनी मोठ्यानं म्हणाली, ‘‘माय, जेवून घे.’’

म्हातारीचं रडणं थांबलं. मेलेलं माणूस कोणाला जेवायला सांगत नाही. तिनं दाराबाहेर बसकण मारली, गाठोडं सोडलं आणि भात काढला. तो संपायच्या आत आतून बाळ रडलं. टाकेही पिकले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. चादर घालण्याआधी पेशंटनं बाहेरच्यांना जेवायला सांगायचं, आणि चेहरा उघडा ठेवायचा.

नागपूरला थिएटरचं दार लागल्यावर मी मालतीताईंना हे सगळं सांगितलं. त्या हसल्या. मग आम्ही डबा उघडला आणि दोघी पोटभर जेवलो. डबा धुऊन ठेवत होतो तेव्हा तिथले सर्जन बाहेर आले. ऑपरेशन चालू असतानाच हृदय बंद पडलं होतं... वसंतभाऊंना बाहेर आणलं तेव्हा चादर डोक्यावरून होती. मी ती हनुवटीपर्यंत खाली घेतली.

मालतीताई आता रोज दुपारी फोन करतात. ‘‘जेवल्या का?’’ मी हो म्हणते, आणि मगच ताट वाढून घेते.