ट्रॅकवर पळालेली गाडी

९ नोव्हेंबर, रविवार. गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. सकाळची कामं उरकून मी बॅटरीचा चार्जर काढला, चारही टायरांत हवा भरली आणि वायपरखाली अडकलेली चिकूची पानं वेचली. गाडी सासऱ्यांनी आधीच धुऊन ठेवली होती. ते ती रोजच धुतात.

गाडी माझ्या नवऱ्याची. दोन माणसांची, बुटकी, लाल, परदेशी बनावटीची, वीसेक वर्षं जुनी. वसईतल्या आमच्या वाडीत पूर्वी फुलांच्या करंड्या ठेवायची पत्र्याची शेड होती, तिथे ती उभी असते. नवऱ्याचं स्टेशनपलीकडे, पूर्वेला, लेथचं छोटं वर्कशॉप होतं. चाळिशीनंतर काही माणसं देवाला लागतात, काही शेअरबाजाराला. हा ट्रॅकला लागला. वर्षातून एकदोनदा गाडी ट्रेलरवर चढवून तामिळनाडूत न्यायची. तिथे पैसे भरले की दिवसभर ट्रॅकवर आपली गाडी पळवता येते. शर्यत नाही, बक्षीस नाही. नुसतं गोल गोल फिरायचं आणि उन्हाने काळं होऊन परत यायचं. मला त्यात काय आहे ते कधी कळलं नाही, पण दारूपेक्षा बरं, एवढं कळत होतं.

परत आला की आठवडाभर गाडीखाली. ऑइल बदल, ब्रेक पॅड बदल, प्रत्येक नट हाताने चाचपून बघ. धुवायची ती नगरपालिकेच्या पाण्याने, आणि लगेच वर्कशॉपमधून आणलेल्या कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवायची. "ट्रॅकने गाडी खराब होत नाही," तो म्हणायचा. "आळसाने होते." हे वाक्य आमच्या घरी पाहुण्यांनाही पाठ होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. वर्कशॉप बंद केलं. गाडीला मात्र हात लावू देईना. आधी दिवाळीपर्यंत थांबू म्हणाला, मग गुढीपाडव्यापर्यंत, मग पाऊस संपेपर्यंत. सप्टेंबरात डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की आता हात यापेक्षा सुधारणार नाही. परतताना रिक्षात तो म्हणाला, "विकू या." थोड्या वेळाने म्हणाला, "पण पळवणाऱ्याला." बास. त्याला आता आयुष्याकडून एवढंच हवं होतं, की ती कुठेतरी पळत राहावी. मी त्याला बाकी काही देऊ शकत नव्हते, म्हणून म्हटलं हे तरी जमवू.

जमत नव्हतं. विरारहून एक जण आला, त्याला ती कळंबच्या किनाऱ्यावर उभी करून लग्नाआधीचे व्हिडिओ काढायला भाड्याने द्यायची होती.

"वाळूत?" नवऱ्याने विचारलं.

"थोडीशी, अंकल. लाटा आल्या पाहिजेत ना चाकांवर."

नवऱ्याने तोंड फिरवलं ते तो माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत. बाकीचे फोनवरच गळायचे. ट्रॅकवर चालवली आहे म्हटलं की, "म्हणजे मारलेली गाडी." मी म्हटलं, अरे, नको ना सांगू. (लग्नाआधीपासून मी त्याला अरे-तुरे करते, सासऱ्यांना सुरुवातीला खटकायचं, आता त्यांना कमी ऐकू येतं.) तर म्हणाला, "लपवायचं... काय? सांभाळलीय."

सासऱ्यांचं तिसरंच. त्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. मुलाची गाडी शेडमध्ये उभीच राहिली म्हटल्यावर त्यांनी ती धुण्याचं काम आपल्याकडे घेतलं. तरुणपणी आमच्या विहिरीवर रहाट होता, आणि रहाटाला फिरणारा बैल त्यांच्याकडे असायचा. बैल जसा धुवायचे तशीच ते गाडी धुतात. आधी पोट. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप गाडीखाली घालायचा, चाकांच्या आत घालायचा, भरपूर पाणी मारायचं, मग पाठ. "पोटाला चिखल ऱ्हाला तर जनावर आजारी पडतं," म्हणतात. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. आम्हाला बरंच वाटायचं. म्हातारा माणूस कामात आहे, मुलाकडे बघत बसण्यापेक्षा बरं.

रविवारचं गिऱ्हाईक म्हणजे पुण्याची एक तिशीची मुलगी निघाली. स्वतःचा जॅक, स्वतःचा टॉर्च, जुनी पँट. तिची अशीच एक गाडी ट्रॅकवर उलटली होती, म्हणून दुसरी हवी होती.

"उलटली?" मी विचारलं.

"हो काकू. चूक माझीच. मला काही नाही झालं, गाडी गेली."

"आईवडील काय म्हणाले?"

"आई म्हणाली, आता तरी लग्न कर."

नवरा हसला. झटक्यानंतर तो एका बाजूनेच हसतो, पण हसला. मग दोघं सुरू झाले. कुठल्या वळणावर ब्रेक कधी सोडायचा, तिसऱ्या गिअरात राहायचं की दुसऱ्यात यायचं. त्याचा शब्द अडला की ती थांबायची, मधे शब्द भरायची नाही. मी दोनदा चहा केला. दोन वर्षांत तो इतकं बोलला नव्हता.

"काका, बसता का शेजारी? एक चक्कर मारू."

गाडी इतकी बुटकी की त्याला आत बसवणं म्हणजे पोतं हौदात उतरवणं. आम्ही दोघींनी उतरवलं. अर्नाळ्याच्या रस्त्याला जाऊन आले. गाडी फाटकात शिरली तेव्हा त्याचे केस विस्कटलेले होते आणि डावा हात खिडकीबाहेर होता. बाहेर काढायला आम्हाला दुप्पट वेळ लागला. "वळतं... अजून," तो मला म्हणाला. "नाक बघ कसं... वळतं."

मुलगीही खूश होती. "काका, मला घ्यायचीच आहे. फक्त एकदा खालून बघते. सवय आहे."

"बघ," तो म्हणाला. "बघायलाच पाहिजे."

तिने गाडी उचलली, टेकू लावले आणि सतरंजी टाकून खाली शिरली. आम्ही खुर्च्यांवर. आधी तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं. मग कशाने तरी टोचल्याचा आवाज, आणि मातीसारखं काहीतरी सतरंजीवर पडल्याचा. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आली ती मूठ मिटून. तळहात उघडला तर तपकिरी पापुद्रे, बिस्किटाच्या चुऱ्यासारखे.

"काका, मागची चाकं जिथे बॉडीला धरतात ना, तिथे दोन्हीकडे बोट आत जातंय."

त्याने डाव्या हाताने एक पापुद्रा उचलून चुरला.

"वरून काहीच दिसत नाही. इंजिन, गिअरबॉक्स सगळं मस्त. पण पोट गेलंय. खालचा रंग ट्रॅकवर खडे लागून खरवडला असेल, ते चालतंच, पण त्यानंतर..." ती माझ्याकडे वळली. "पुराचं पाणी आलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "शेड उंचावर आहे."

"मग धुता कशाने?"

एवढं मात्र सासऱ्यांना ऐकू आलं. ते पडवीतून उठून आले. "हिरीचं पानी. रोज. आपल्या हिरीचं पानी गोडं, पोरी. सगळ्या गावाची खारी झाली, आपली नाय झाली. थांब, देतो."

कुणी अडवायच्या आत ते विहिरीकडे गेले. आमच्या विहिरीमागे बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. ते भरलेलं असलं की विहिरीत समुद्र शिरत नाही. चुलत घराण्याने आपला हिस्सा विकला, त्यावर भराव पडला, आता तिथे चार मजली इमारत आहे. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात विहिरीचं पाणी येत नाही. बादल्यांना पांढरा थर बसतो. केळीच्या पानांच्या कडा जळतात. हे आम्ही दोघं जाणतो आणि सासऱ्यांसमोर बोलत नाही. झाडांचं कळत होतं. खारं पाणी लोखंडही खातं, हे डोक्यात आलं नाही. ते ज्याच्या डोक्यात आलं असतं, त्याला दोन वर्षांत वाकता आलं नाही.

सासरे पितळी तांब्या आणि पेला घेऊन आले. मुलीने पेला घेतला, वरून पाण्याची धार तोंडात सोडली, गिळली. तिचा चेहरा हलला नाही. शाबास, मी मनात म्हटलं.

"छान आहे, आजोबा."

"बघ! आनि तुमच्या पुन्यात काय, नळ." ते खूश होऊन मुलाकडे वळले. "मग? घेते का ही? काय झालं, अशी मान काय खाली घातली?"

मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी नवऱ्याकडे. तो तिच्या तळहातावरचे पापुद्रे बघत होता.

"ट्रॅक, बाबा," तो म्हणाला. मोठ्याने, ऐकू जावं म्हणून. "ट्रॅकवर... फार पळवली. त्याने गेली."

"म्हटलं नव्हतं मी?" सासरे भडकले. "गाडी काय शर्यतीला असते? एवढी रोज धुतोय, पुसतोय, आनि हा तिला तिकडे नेऊन मारून आला! आता कोन घेनार?"

"चुकलं," नवरा म्हणाला.

मुलीने टेकू काढले, गाडी हळूच खाली ठेवली. फाटकाशी मी विचारलं, काही होण्यासारखं आहे का. ती म्हणाली, नवीन सांगाडा मिळाला तर, आणि तो मिळत नाही. "काकू, पुन्हा चालवू देऊ नका कुणाला. मघाशी आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हाच चाक निखळलं असतं." मी म्हटलं, जेवून जा. नको म्हणाली.

आत आले तर तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं, बाबांना खरं का नाही सांगितलं? धुणं तरी थांबलं असतं.

"मग ते... काय करतील?" तो म्हणाला. "दिवसभर?"

मी भात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा उठला नाही. चहा आत नेऊन दिला, तो तसाच राहिला. सासऱ्यांना मी सांगितलं की पुण्याच्या मुलीचा फोन आला, घेतेय ती गाडी, जशी आहे तशी. "पानी चाखलं ना तिने," ते म्हणाले. मग मी मागच्या दाराशी जाऊन नालासोपाऱ्याच्या एका माणसाला फोन लावला. तो जुन्या गाड्या सुट्या भागांसाठी घेतो.

"इंजिन चांगलं आहे," मी म्हटलं. "गिअरबॉक्सही. खालून गेलीये."

"ताई, मग तिथंच खोलतो ना. दोन पोरं आणतो, दुपारपर्यंत मोकळं. टोइंगचा खर्च वाचेल तुमचा."

"नाही. इथे एक स्क्रूही काढायचा नाही. अख्खी उचलायची, वर ताडपत्री बांधायची आणि न्यायची. कुणी विचारलं तर पुण्याला चाललीये म्हणायचं."

"कोण विचारणार?"

"विचारतील," मी म्हटलं, आणि त्याला वाडीचा पत्ता सांगितला.