गयाबाईंनी न मागितलेली मशिनं

दहाही शिलाई मशिनांवरचे पुठ्ठे तसेच होते. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. समाजमंदिराच्या भिंतीला ती ओळीने लावून ठेवली होती आणि धूळ बसू नये म्हणून वर कुणीतरी जुनं धोतर पांघरलं होतं. माझ्या हातात तपासणीचा फॉर्म होता. पहिलाच रकाना होता, ‘सध्या शिकत असलेल्या महिला’. मी बाहेर येऊन गल्लीत पाहिलं. बहुतेक घरांना कुलपं होती. काही दारांपुढे बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या.

“बाया कुठायत?” मी विचारलं.

“ऊस तोडाया गेल्या की,” गयाबाई म्हणाल्या. “दिवाळी झाली की समदं गाव जातंय. तुमाला ठावं न्हाई?”

ठाऊक होतं. बीड जिल्ह्यात हे कुणाला ठाऊक नसतं? पण मंजुरीची शिफारस मी या वेळी गावी न येता, नुसता अर्ज वाचून लिहिली होती, आणि तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. बीडमधल्या एका छोट्या ट्रस्टमध्ये मी प्रकल्प अधिकारी होते. आमचा ट्रस्ट स्वतः कुठलं काम चालवत नसे. लोकांनी अर्ज करायचे, मी ते वाचायचे, गावी जाऊन पाहायचं आणि विश्वस्तांना शिफारस करायची. कपाटात चार कप्पे होते. एक तरुणांच्या व्यायामशाळा-वाचनालयांचा, दुसरा कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांचा, तिसरा निराधारांचा आणि चौथा कलावंतांचा. त्या चौथ्यात भारुडवाले, शाहीर, सनईवाले. अध्यक्ष होते शिवलिंगअप्पा. त्यांचा कापसाच्या जिनिंगचा धंदा. कंपन्यांना तेव्हा बरे दिवस येऊ लागले होते, आणि पुण्याची एक कंपनी आमच्यामार्फत मदत देऊ लागली होती. ही मशिनं त्या कंपनीची. केज तालुक्यातल्या डोंगराकडच्या या गावात ‘महिला शिवण वर्ग’, अर्जदार गयाबाई.

“बायका गावात नसतात, तर मशिनं मागितली कशाला?”

“मी कवा मागितली?” गयाबाई माझ्याकडेच बघत राहिल्या. “टेम्पो आला, तवा मीच इचारलं, कावून आणली म्हून. तर ड्रायवर म्हनला, सही करा.”

गयाबाई पंचेचाळिशीच्या. वीसेक वर्षं त्यांनीही ऊस तोडला होता. ट्रकमध्ये मोळी चढवताना पडल्या, मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. कोयता धरवेना. तेव्हापासून हंगामात त्या गावातच राहत. शेजारणींनी जाताना पोरं त्यांच्याकडे सोपवायला सुरुवात केली, म्हणजे शाळा बुडायला नको. पोरं निजायला आपापल्या म्हाताऱ्यांकडे, जेवायला गयाबाईंकडे. यंदा एकोणीस होती. ती समाजमंदिरात बसून जेवत. आता तिथे मशिनं होती, म्हणून बाहेरच्या ओट्यावर, थंडीत, दोन पंगती करून.

“मग तुम्ही काय मागितलं होतं?”

“ज्वारी. अन् एक मोठा तवा. आयबापांनी ठेवलेली ज्वारी संक्रांतीपातूर पुरंल. पुढं न्हाई. मंग काय, पोरं जातील कारखान्याच्या पालांवर. तिकडं कुठली आलीय शाळा?”

संक्रांत तीन आठवड्यांवर होती. फॉर्मचा रकाना कोरा ठेवून मी जीपमध्ये बसले. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर निघायला तयार नव्हता. मी दोनदा उतरले, दोनदा परत बसले.

केजच्या तहसीलसमोर पत्र्याच्या शेडमध्ये टाइपिस्ट बसत. गयाबाईंचा अर्ज खलीलभाईंनी टाइप केला होता. मी त्यांना नावाने ओळखत होते, कारण आमच्याकडे येणारे निम्मे अर्ज त्यांच्या टाइपरायटरचे. त्यांचा ‘र’ थोडा वर उडालेला असे. सोनेरी काड्यांचा चष्मा, समोर कार्बन पेपरचा गठ्ठा.

“खलीलभाई, त्या बाईंनी ज्वारी मागितली होती. तुम्ही शिवण वर्ग लिहिला.”

“लिवला,” ते सरळ म्हणाले. “बसा म्याडम.”

“ही फसवणूक आहे.”

“कोनाची?”

त्यांनी बाकाखालून एक पेटी ओढली. प्रत्येक अर्जाची कार्बन कॉपी ते ठेवत. त्यातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. गयाबाईंचाच अर्ज होता, पण त्याच्या आदल्या वर्षीचा. ज्वारी, तवा, सगळं होतं. त्याला आमच्या ट्रस्टचं उत्तर टाचलेलं होतं. ‘सदर मागणी आवर्ती खर्चाची असल्याने विचार करता येत नाही.’ खाली सही माझी.

आवर्ती खर्च म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा खर्च. धान्य, पगार, भाडं. देणाऱ्या संस्थांना तो नको असतो, कारण त्याला शेवट नसतो. मशीन, इमारत, पंप एकदा दिला की काम संपलं. हे उत्तर आमच्याकडे छापूनच ठेवलेलं होतं. मी फक्त सही करत असे. त्या अर्जावर केली होती हेसुद्धा मला आठवेना.

“तीन वर्सांत भाकरीचा एक तरी अर्ज तुमी मंजूर केलाय का?” खलीलभाईंनी विचारलं. “शिलाई मशीन किती केल्या? मी हिशेब न्हाई सांगत, तुमालाच ठावं. मशीन फोटोत येती. भाकर खाल्ली की खतम. बाई रडत होती म्याडम. म्हनलं, हिला काहीतरी तर मिळू दे. मशिनी इकून ज्वारी घेईल.”

“त्या विकणार नाहीत. त्यांनी त्यांच्यावर धोतर पांघरून ठेवलंय.”

ते कागद परत पेटीत ठेवत म्हणाले, “गलती झाली. पर निम्मीच माझी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांच्या जिनिंगवर गेले. सरकीचा धुरळा उडत होता. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना वेगळीच घाई होती.

“शनिवारी कंपनीचे साठे साहेब येनार हायेत,” ते म्हणाले. “शिवण वर्ग बघायला. फोन येऊन गेला.”

“अप्पा, वर्गच नाहीये.”

“मंग करा. केजात शिवण वर्गाच्या बाया हायेत, दहाजणी न्या जीपमधी. दोन तासांचा तर प्रश्न हाय.”

“आणि साहेबांनी विचारलं तर?”

“ते मशिनी बघतील, फोटो काढतील, चहा पितील. तुमी नवीन न्हाईत या कामात.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “म्याडम, ही कंपनी गेली तर व्यायामशाळा, शाहीर, सगळ्यांचंच बंद होईल. एका गावासाठी?”

त्यात तथ्य होतं. माझी नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची, हेही मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू? मी जीप ठरवली. केजच्या दहाजणी ठरवल्या. शुक्रवारी गावात जाऊन पुठ्ठे स्वतः फाडले, पायडल जोडून घेतले. गयाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “झालं की घेऊन जानार का ह्या?”

“बघू,” मी म्हणाले.

त्या आठवड्यात माझं जेवणात लक्ष लागेना. एसटीत बसले की उभं राहावंसं वाटे, ऑफिसात बसले की गावी जावंसं वाटे. माझ्या हातून हजारभर अर्ज गेले असतील. त्यातले किती अर्ज लोकांनी आपल्या तोंडाने सांगितलेले, आणि किती आम्हाला आवडतील म्हणून लिहिलेले? ही शंका एकदा शिरली की कुठलीच फाइल सरळ वाचता येत नाही.

शनिवारी साठे साहेब वेळेवर आले. पांढरी गाडी, गळ्यात कॅमेरा, मोजकं बोलणं. आत दहा मशिनं खडखडत होती. बायका परकराच्या कडा शिवत होत्या. अप्पा खुशीत होते. साहेबांनी फोटो काढले. सगळं अप्पांनी सांगितलं तसंच चाललं होतं.

शनिवारी सकाळची शाळा असते. अकराच्या सुमाराला पोरं सुटली आणि ओट्यावर साहेबांच्या चहाची मांडामांड होती म्हणून ताटल्या वाजवत थेट समाजमंदिरात शिरली. मी ते विसरले होते की मुद्दामच विसरले होते, हे मला आजही सांगता येत नाही. आत इतक्या अनोळखी बायका पाहून पोरं थबकली आणि भिंतीशी दाटीवाटीने उभी राहिली. मागोमाग गयाबाई आल्या, डोक्यावर भाकरीची पाटी.

“उठा बायांनो,” त्या म्हणाल्या. “तुमचं काय ते नंतर करा. लेकरं सकाळपून उपाशी हायेत.”

मशिनं एकेक करत थांबली. केजच्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. अप्पा चटकन पुढे झाले. “शाळेची मुलं हायेत, साहेब. चला, आपन चहाला...”

साठे साहेब हलले नाहीत. त्यांनी मला विचारलं, “मॅडम, ही मुलं कोणाची? आणि या बायका?”

अप्पा माझ्याकडे बघत होते. अगदी स्थिर नजरेने.

मी म्हणाले, “मुलं या गावची आहेत. बायका केजच्या आहेत. आज सकाळी मी जीपने आणल्या. या गावच्या बायका कारखान्यावर आहेत, उन्हाळ्यापर्यंत येणार नाहीत.”

मग थांबता येईना. ज्वारी, तवा, आदल्या वर्षीचा नकार, माझी सही, सगळं सांगितलं. खलीलभाईंचं नाव मात्र घेतलं नाही. बोलत होते तोवर केजच्या दोघीतिघींनी मशिनं बाजूला ओढली आणि मुलांना वाढायला घेतलं. भाकरी, पातळ वरण आणि ठेचा. साहेबांनी त्याचा फोटो काढला नाही. कॅमेऱ्यावर झाकण लावून म्हणाले, “लेखी पाठवा.” आणि गाडीत बसले.

अप्पाही त्यांच्यामागोमाग निघून गेले.

त्याच रात्री मी अहवाल लिहिला, सोमवारी पोस्टात टाकला आणि वाट पाहत बसले. रोज पोस्टमनची सायकल दिसली की उठायचे. संक्रांत आली. गावाकडून निरोप आला की ज्वारी तळाला लागलीय. चार मुलांना त्यांचे बाप येऊन पालांवर घेऊन गेले. मी एसटीने गयाबाईंकडे गेले, पण द्यायला हातात काहीच नव्हतं. “तुमी कशाला हेलपाटे घालता?” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

नंतर पुण्याचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. प्रामाणिक अहवालाबद्दल आभार. मशिनं दुसऱ्या योग्य ठिकाणी हलवण्यास हरकत नाही. मात्र आवर्ती खर्चाला मदत देणं कंपनीच्या धोरणात बसत नाही.

मी पत्र घेऊन जिनिंगवर गेले. अप्पांनी ते दोनदा वाचलं आणि गादीवर पालथं ठेवलं.

“म्हंजे खरं बोलून तुमाला काय मिळालं?”

“काही नाही.”

“किती पोरं ऱ्हायलीत तिथं?”

“पंधरा.”

त्यांनी मुनीमजींना हाक मारली. घरच्या कोठीतली ज्वारी त्या गावी पाठवायला सांगितली. मे महिन्यापर्यंत पुरेल एवढी. वर डाळही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे ट्रस्टातून न्हाई. फायलीत लिवू नका. अन् पुन्हा मला साहेबापुढं असं उघडं पाडू नका.”

“तुम्हीही मला जीप ठरवायला सांगू नका,” मी म्हणाले. माझी नोकरी गेली असं मला वाटलं. गेली नाही. आम्ही पुढे सात वर्षं एकत्र काम केलं, पण त्यांनी मला पुन्हा कधी चहा विचारला नाही.

पंधरा मुलं त्या वर्षी परीक्षेला बसली. पालांवर गेलेल्या चारांपैकी दोन जून महिन्यात शाळेत परत आली. दोन आली नाहीत. मशिनं केजच्या शिवण वर्गाला गेली आणि तिथे चांगली चालली.

पुढच्या वर्षी मी विश्वस्तांच्या मागे लागून दोन गोष्टी बदलून घेतल्या. आवर्ती खर्चाचं छापील उत्तर बंद केलं. आणि टाइप केलेल्या अर्जाची अट काढली. बाजाराच्या दिवशी केजला नि पाटोद्याला टेबल टाकून मीच बसायचे. लोकांनी सांगायचं, मी लिहायचं. आपलं गिऱ्हाईक तोडलं म्हणून खलीलभाईंनी तक्रार केली, पण हसत. पहिले काही आठवडे फार छान गेले. सनईवाल्याने सनईची पत्ती मागितली. वाचनालयाच्या मुलांनी पुस्तकं नको म्हणून बल्ब मागितले. मला वाटलं, आता खरं कळायला लागलं.

दोनेक महिन्यांनी पाटोद्याच्या बाजारात तालमीची तीन तरणी पोरं आली. दंड पिळदार, अंगात घट्ट बनियन.

“म्याडम, आमच्याकडं जेवनाची लई आबाळ हाय. ज्वारी अन् एक मोठा तवा पायजेल.”

“व्यायामशाळेला तवा?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला मोठा म्हणाला, “समदे म्हनत्यात, म्याडमला तव्याचा अर्ज आवडतोय.”

मी पेन खाली ठेवलं. देणाऱ्याला काय आवडतं हे लोकांना ओळखावंच लागतं, त्यांचं त्यावर चालतं. टाइपिस्ट काढला म्हणून ते थांबत नाही. तेव्हापासून मी एकच नियम पाळला. पहिल्या भेटीत लिहून घ्यायचं नाही. दुसऱ्यांदा, सांगून न जाता, त्यांच्या गावी जायचं, आणि मगच पेन काढायचं.