पत्रिकेत राहिलेलं ‘सुभेदार’

माझ्या बापाचं आवडतं वाक्य सायन्सच्या दृष्टीनं साफ चूक होतं.

‘मोडंन पण वाकणार न्हाई.’

आज आप्पांना जाऊन वर्ष झालं.

आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि दहिवडीजवळ आमच्या गावी राहिले. शेजारीच सख्खा धाकटा भाऊ, आमचे तात्या.

तात्यांच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत आप्पांच्या नावाआधी ‘सुभेदार’ छापायचं राहिलं.

झालं! लग्नाला गेले नाहीत. बोलणं बंद. तात्या माफी मागायला आले, तर ह्यांनी रेडिओ मोठा केला.

दिवाळीचा फराळसुद्धा आई चोरून पाठवायची. वर्षानुवर्षं.

मग तात्यांचं हार्टचं ऑपरेशन साताऱ्यात ठरलं. भेटून या म्हणून घरचे मागे लागले, तर आप्पा सरळ माझ्याकडे पुण्याला निघून आले. मला इतका राग आला होता!

माझं पीएचडीचं काम चालू होतं, म्हणून मी त्यांना लॅबमध्येच घेऊन गेले. धातूचा एकदम पातळ तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये ठेवून हळूहळू ताणायचा, आत काय होतं ते बघायचं.

स्क्रीनवर बारीक काळ्या रेघा सरकत होत्या.

‘हे काय वळवळतंय गं?’

म्हटलं, अणूंच्या रांगेत जिथं चूक असते ती जागा. ती सरकते म्हणून धातू वाकतो.

‘आन् न्हाई सरकली तर?’

‘तर ताण एका जागी साठतो, आप्पा. चीर पडते. तुटतं.’

मी काही उपदेश करत नव्हते बरं का. मला पेपरसाठी डेटा हवा होता.

एक रेघ मधेच अडकली. आप्पा खुर्चीतून पुढं झुकले.

‘सरक की रं गड्या,’ म्हणाले. अगदी हळू.

रेघ काही सरकली नाही.

बाहेर आल्यावर आधी घड्याळ बघितलं. मग विचारलं, ‘साताऱ्याची एसटी कवा हाय?’

हॉस्पिटलमध्ये पत्रिकेचा विषय कुणी काढलाच नाही म्हणे. आप्पा कॉटवर बसले आणि विचारलं, चहा बरा देत्यात का रं हितं? तात्या रडायलाच लागले.

तात्या बरे झाले. आप्पाच आधी गेले.

आज सकाळी चुलतबहिणीनं फोटो पाठवला. तात्यांनी गावच्या स्टँडवर फ्लेक्स लावलाय. ‘सुभेदार’ एवढं मोठं, की खाली नाव कसंबसं मावलंय.

फ्लेक्सवाला म्हणे, नाव बारीक दिसतंय.

तात्या म्हणाले, ‘दिसू दे. मागं एकदा राह्यलंवतं.’

आप्पा, वाकलासा ते लय बरं केलंसा.

जय हिंद, सुभेदारसाहेब.