टायरांची खांदशेकणी

माझ्या भासऱ्यांनी मोटर घेतली ती महाराष्ट्र झाल्यावर दोन-तीन वर्षांनी. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. म्हणून त्या मोटारीबद्दल मला जे बोलायचं होतं ते तेव्हा पोटातच राहिलं. आता भासरे नाहीत, मोटर नाही, माझेही केस पिकून गेले. आता कोणाच्या बापाला भ्यायचं?

नागपूरच्या एका वकिलानं वापरून झालेली ती मोटर. चार दारांची, बुटकी, वरून पांढरी आणि खालून लाल. पळायला मात्र अशी की पांढरकवड्याच्या सडकेवर ट्रक मागे टाकायची. भासरे स्वतः हाकायचे. हाकायचे असंच म्हणते मी, चालवायचे म्हणणार नाही. कारण जन्मभर या माणसानं बैलांशिवाय दुसरं काही ओळखलं नव्हतं, आणि मोटर दारात आली तेव्हा त्यांना वाटलं, बैलच आले, फक्त शिंगं तेवढी नाहीत. बोनेटवर थाप मारून म्हणायचे, "चाल राजा." चढावर जीभ टाळ्याला लावून टकटक करायचे. मागच्या सीटवर मी आणि जाऊबाई पदराआड हसून हसून मरायचो.

जाऊबाई म्हणजे त्यांची बायको. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी. मी नवी नवरी म्हणून त्या घरात आले तेव्हा आईची उणीव तिनंच भरून काढली. तिचं माहेर पांढरकवड्याचं, अगदी सडकेला लागून. वडील गेलेले, भाऊ-भावजय आणि म्हातारी माय. तोंडात दात नव्हते म्हणून म्हातारीला शिरा फार आवडायचा, तोही लेकीच्या हातचा, गुळाचा. जाऊबाई माहेरी गेली की आधी चुलीवर कढई चढवायची, मग पाय धुवायची.

वकिलानं मोटर विकली ती टायर झिजलेले होते म्हणूनच विकली असणार. वर्षाच्या आतच चारही टायर टकले झाले, हात फिरवला तर गुळगुळीत लागायचे. मग भासरे टायर घ्यायला पांढरकवड्याला निघाले, आणि माहेर होईल म्हणून जाऊबाई आणि सोबतीला मी. दुकान सडकेवरच होतं. मोटारीतच बसून आम्ही सगळा तमाशा पाहिला.

दुकानदारानं त्या मोटारीच्या मापाचे टायर काढले. बारीक रेघांचे, अंगानं हलके. भासऱ्यांनी बाजारात गोऱ्हा पाहावा तसा तो टायर पाहिला. चारही बाजूंनी फिरले, थाप मारली, वास घेतला, आणि नाक मुरडलं. म्हणाले, याचा खूर कच्चा आहे. कोपऱ्यात जाड, खोल खाचांचे टायर पडले होते, जीपगाडीसारखे. ते त्यांच्या मनात भरले. दुकानदार सांगत होता की हे एक बोट जाड आहेत, वळताना पत्र्याला घासतील, ही मोटर पळणारी आहे, हिला असलं जड पायताण कशाला? पण ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

त्यातही घेतले दोनच. जोडी! बैल जोडीनं घेतात ना, मग टायरही जोडीनंच. दुकानदार म्हणाला, दोनच घेता तर निदान मागे तरी बसवा, या मोटारीत सगळा जोर मागच्या चाकांवर येतो. तेव्हा भासरे त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहत म्हणाले, "बैल पुढं असते का मांगं?" दुकानदारानं हात जोडले. नवी जोडी पुढे लागली, दोन टकले मागे राहिले, तिसरा टकला डिकीत गेला आणि चौथा दुकानातच टाकला. निघताना त्यानं एवढं सांगितलं की आठ दिवसांनी हवा मोजून घ्या, उन्हात उभी करू नका आणि तेल-ग्रीस टायरला लागू देऊ नका. भासऱ्यांनी मान डोलावली. बैलही मान डोलावतो, त्याला काय कळतं?

म्हातारीनं त्या दिवशी काठी टेकत येऊन मोटारीवरून हात फिरवला होता. लेक मोटारीतून उतरते याचं तिला भारी कौतुक. म्हणाली, आता माझं काही झालं तर तू घटकेत येशील बाई. जाऊबाई म्हणाली, येईन ना.

पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जुवाखाली घासलेले खांदे तूप-हळद लावून चोळायचे, शेकायचे आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैल कष्ट करतो, त्याचं हे देणं. यात हसण्यासारखं काही नाही, मीसुद्धा आजपर्यंत हात जोडत आले. पण त्या वर्षी बैल झाल्यावर भासरे वाटी घेऊन मोटारीकडे वळले. तूप संपलं म्हणून जवसाचं तेल आणवलं. पाचही टायर, डिकीतला काढून तोही, बसून चोळले. काळेभोर चमकायला लागले. सगळं गाव पाहायला आलं, आणि एकाही माणसाला वाटलं नाही की याला अडवावं. उलट म्हणाले, पाटील, टायरावर काय तेज आलं!

झालं. मग दर अमावास्येला टायरांना तेल. मागचे दोन आणि डिकीतला म्हातारे झाले म्हणून त्यांना जरा जास्तच.

जाऊबाई एकदाच बोलली. आमच्या घरात तेलाच्या पिप्याच्या तोंडावर फडकं आणि त्यावर सायकलीच्या ट्यूबची पट्टी बांधलेली असायची. ती पट्टी हातात घेऊन ती अंगणात गेली. म्हणाली, "हे पाहा, तेल लागून कशी फुगून लिबलिबीत झाली. टायर बी रबराचाच हाये ना?"

भासरे म्हणाले, "तू चुलीपाशी जा."

ती गेली. आणि मी दाराआड उभी राहून मनातल्या मनात त्या शहाण्याची आरती ओवाळली.

चैत्रात एका संध्याकाळी जाऊबाईच्या भावाचा निरोप आला. माय अंथरुणाला खिळली आहे, पोटात अन्न ठरत नाही, तुझंच नाव घेते, लगेच ये. जाऊबाईनं पहाटे उठून शिरा केला. लेकीच्या हातचा एक घास तरी घेईल, एवढंच तिचं म्हणणं. डबा फडक्यात बांधला, आणि फाट्यावरून सकाळी पांढरकवड्याची यष्टी सुटायची तिकडे जायला निघाली.

भासरे आडवे आले. "दारात मोटर असून माह्या घरची बाई यष्टीत उभी राहीन? लोक तोंडात शेण घालतीन."

तिची माय मरायला टेकली होती, आणि या माणसाला पडली होती लोकांच्या शेणाची!

निघालो. आर्णीच्या अलीकडे आम्ही तीच यष्टी गाठली. भासऱ्यांनी भोंगा वाजवत तिला मागे टाकलं आणि मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मिशीत हसले. ऊन चढत होतं आणि जाड टायर वळणावर पत्र्याला घासून खरखर करत होते. आर्णी सुटली, थोडं पुढे गेलो आणि मागचा टायर फुटला. मोटर अशी फेकली गेली की माझं डोकं काचेवर आदळलं. जाऊबाईनं डबा छातीशी धरला होता, तो सोडला नाही.

भासरे डिकीतला टायर काढून बसवत होते तेवढ्यात मागून यष्टी आली. आम्हाला पाहून थांबली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढून विचारलं, बायांना घेऊन जाऊ का? जाऊबाई डबा घेऊन उठलीच होती. चार पावलं टाकली असतील.

भासऱ्यांनी हात हलवला. "जाऊ द्या. आमी तुमच्या आंधी पोचतो."

यष्टी गेली. धूळ खाली बसेपर्यंत जाऊबाई तिथेच उभी होती. मग मुकाट मोटारीत येऊन बसली. मला अजून त्या हात हलवण्याचा राग येतो. रांडेच्या, बैल तरी बरा रे, त्याला अक्कल नाही पण अभिमानही नसतो! तेव्हा हे मनात म्हटलं, आता लिहूनच टाकते.

डिकीतल्या टायरनं तर पडून पडून सगळ्यात जास्त तेल प्यायलं होतं. तो फर्लांगभरही चालला नाही. फाटला तेव्हा त्याचं रबर सालीसारखं सुटलं. जवळपास गाव नाही, त्या आडवाटेला दुसरी गाडी विरळाच, सावलीला एक पळस आणि तोही निष्पर्ण. दुपार झाली. भासरे आधी वकिलाला शिव्या देत होते, मग दुकानदाराला, मग सरकारला. नाचता येईना अंगण वाकडं. शिव्या संपल्यावर त्यांना भूक लागली. म्हणाले, डब्यात काय हाये?

जाऊबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. फडकं सोडलं आणि डबा त्यांच्यासमोर ठेवला. मी तिचा हात धरला, तिनं तो हळूच सोडवला. भासरे शिरा खायला बसले आणि सगळा खाल्ला. मला वाटलं, निदान शेवटी थोडा ठेवतील. डबा बोटानं पुसून परत दिला.

उन्हं उतरल्यावर एका ट्रकवाल्यानं आम्हाला घेतलं. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि घरासमोर माणसं उभी होती. म्हातारी दुपारीच गेली होती. उन्हाळा म्हणून मातीही झाली होती. भावजयीनं जाऊबाईला मिठी मारून सांगितलं की लेक मोटारीनं येणार हे म्हातारीला ठाऊक होतं. सडकेवर भोंगा वाजला की मान उचलायची, आली का म्हणून विचारायची. त्यांच्या दारची सडक नागपूरची, मोठी, तिच्यावर दिवसभर ट्रक चालतात. ती दुपारपर्यंत मान उचलत राहिली.

जाऊबाई रडली, पण नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. मी वाट पाहत होते, आता बोलेल, आता फोडून काढेल. नाही. भासऱ्यांनी गावात सांगितलं की टायरवाल्यानं फसवलं. पुढे त्यांनी नागपूरहून चारही टायर नवे आणले, बरोबर मापाचे. बैल गेला अन् झोपा केला. आणि पुढच्या पोळ्याला त्या झोप्यालाही तेलच लावलं.

वर्षश्राद्ध आलं. सकाळी मोटर दारात उभी होती, भासरे धुतलेलं धोतर नेसून बसले होते. जाऊबाई डबा घेऊन बाहेर आली, मोटारीच्या बाजूनं गेली आणि फाट्याकडे चालायला लागली. मी मागोमाग. गाव पाहत होतं. भासऱ्यांनी एकदा हाक मारली, तिनं वळून पाहिलं नाही. यष्टीत बसायला जागा नव्हती, आम्ही उभ्यानं गेलो. मागच्या काचेतून मी पाहिलं तर लाल-पांढरी मोटर यष्टीची धूळ खात मागून येत होती, मागची सीट रिकामी. आर्णीच्या पुढे ती दिसेनाशी झाली.

आम्ही वेळेवर पोचलो. पिंड झालं, पान मांडलं, पानावर जाऊबाईनं स्वतः शिरा वाढला. कावळा लगेच शिवला. माणसं जेवून उठली, भांडी घासायला निघाली, तेव्हा भासरे आले. कोपरापर्यंत काळे हात, धोतराला माती.

जाऊबाईनं त्यांच्यासाठी पान मांडलं. डब्यात उरलेला शिरा सगळा त्यांना वाढला. मग समोर बसली आणि म्हणाली, "खा आता. माय जेवून गेली."

भासरे पानाकडे पाहत राहिले. त्यांचा हात काही घासाला लागला नाही.