घटासाठी तरवड

आई लखनौला आमच्याकडे आली ती अट घालूनच. नगरहून पुडीत बांधून आणलेलं तरवडाचं बी तिनं आमच्या तेलीबागच्या गच्चीवर कुंडीत टोचलं आणि जाहीर केलं, "पुढच्या नवरात्रात घटाला याच्या फुलांची माळ चढली तर राहीन. नाहीतर माझं तिकीट काढायचं."

तरवड म्हणजे तरी काय हो! माळावरचं झुडूप. पिवळी फुलं येतात एवढंच, बाकी शेळीसुद्धा तोंड लावत नाही. रणरणतं ऊन हवं आणि पाणी नको. आमच्या आईसारखंच, लाड केले की बिघडतं. इथल्या गाळाच्या मातीत ते नुसतं पाल्यानं माजलं. घटस्थापना उद्यावर आली तरी कळीचा पत्ता नाही, आणि बाईसाहेबांनी बॅग काढून झटकायला घेतली.

मला भीती वाटत होती. बाबा गेल्यावर नगरच्या घरात ती न्हाणीत पडली होती आणि दुपारभर तशीच पडून होती. ते मला विसरता येत नव्हतं.

मग मी, एका बँकेतला जबाबदार अधिकारी, पहाटे रस्त्याकडेच्या कासोदाच्या झाडाखाली छत्रीच्या मुठीनं फांदी ओढताना सापडलो. त्याचीही फुलं तरवडासारखी पिवळीच, लांबून कोण बघतंय! समोरच्या बंगल्याचा गार्ड ओरडला, "भैया, ये क्या हो रहा है?" म्हटलं, पूजा के लिए. "अरे, तो पहले बताते!" म्हणत त्यानंच फांदी वाकवून धरली. घरी येऊन मी आणि बायकोनं ती फुलं शिवणीच्या दोऱ्यानं तरवडाला बांधली. बायको हसून हसून बेजार.

आई अंघोळ करून परडी घेऊन वर आली. वाकून बघितलं. एक फूल ओढलं, त्याच्यामागून वीतभर दोरा आला.

"तरवडाला दोरा कधीपासून फुटायला लागला रे, मेल्या?"

बायको चक्क जिन्यानं पळाली. आईनं एकेक गाठ सोडून सगळी फुलं परडीत घेतली, खाली येऊन माळ केली आणि मुकाट घटाला चढवली. देवीनं काही तक्रार केली नाही.

"मग तिकिटाचं?" मी कसंबसं विचारलं.

"कासोद ओरबाडलास, देवीला फसवलंस. पण 'आई, राहा' एवढं म्हणायला जीभ झडली होती का तुझी? वर्षभर वाट बघतेय. म्हण आता."

म्हटलं.