दमायचं नाही असा हुकूम

शर्यतीत दमायचं नाही, असा हुकूम जगात कुणी कुणाला दिला असेल, तर तो माझ्या वस्तादांनी मला. आठवलं की अजून डोकं फिरतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या भवानी पेठेतल्या एका तालमीनं तिहेरी शर्यत ठेवली होती. आधी तलाव पोहून पार करायचा, मग सायकलवर कुंभारी ओलांडून थेट अक्कलकोटच्या वेशीला शिवून परत यायचं, आणि सायकल टाकून शहराला वळसा घालत तालमीपर्यंत पळायचं. ऐकणारे म्हणायचे, पोराला खूळ लागलंय. लागलंच होतं.

वस्तादांचं पेठेत सायकलचं दुकान होतं. तरुणपणी त्यांनी लांबच्या शर्यती मारल्या होत्या आणि हिवाळ्यात पुण्याला होणाऱ्या मोठ्या शर्यतीत मला उतरवायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. पेठेतली शर्यत त्यांच्या लेखी नुसता सराव. सकाळी तलावाच्या काठावर त्यांनी मला बजावलं, "आज जीतना नई. आज मेहनत का दिन हय, समज्या क्या?"

माझी अडचण निराळीच होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, मागावर चादरी विणायचे. माझ्या पळण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. घोड्याएवढा झालास, आता माग धर, हे रोजचंच. शेवटी आईनं मध्ये पडून तोड काढली. आप्पांनी एकदा शर्यत स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. पोरात काही दिसलं तर पुण्यापर्यंत सूट, नाही दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून मागावर. आप्पा कबूल झाले. म्हणजे माझं पुणं त्याच दिवशी ठरणार होतं.

हे मी वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, बघू देत की, चांगलंच आहे. पुढं बोलायची माझी टाप नव्हती. तालमीत वाढलेल्या पोराला वस्तादाचा शब्द मोडता येत नाही, मग तो कितीका उफराटा असेना.

वेग ताब्यात ठेवायची त्यांची तऱ्हाही त्यांच्यासारखीच. वाटेत भेटेल त्याला तोंड भरून नमस्कार घालायचा. माणूस बघून राम राम, सलाम, नाहीतर शरणु शरणार्थी. बोलताना धाप लागली, तर तू जोरात चाललायस. पाय ढिले सोड.

तलावातून मी हात राखूनच बाहेर आलो. सायकलवर बसलो आणि खरा जाच सुरू झाला. एकेक जण मागून येऊन पुढं निघून गेला. त्यातल्या एकाला मी सरावात रोज धूळ चारायचो. तो जाताना मागं वळून हसला. माझे पाय नुसते शिवशिवत होते, आणि मी काय करत होतो? राम राम! कुंभारीपाशी डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी थांबली. "शर्यत हाय का सोयरिकीला निघालास रं?" म्हणाली. सोयरिकीला निघालेल्याला तरी घाई असते की.

परतताना समोरून वारा सुटला. पुढं गेलेले सगळे त्यात ढेपाळले आणि मी काही न करता एकेकाला मागं टाकत आलो. वस्तादांचं गणित अगदी बरोबर निघालं, आणि त्याचाच मला जास्त संताप. पळताना पुढं दोघंच उरले होते. एक तर तो हसणाराच. जरा पाय उचलला असता तर दोघांनाही खाल्लं असतं. पण शेजारून सायकलवर वस्ताद येत होते आणि हातानं खुणावत होते, आहिस्ता, आहिस्ता. मनातल्या मनात मी त्यांचं सगळं खानदान काढलं आणि तसाच पळत राहिलो.

तालमीपाशी पहिले दोघं जमिनीवर आडवे पडले होते. लोक त्यांच्यावर पाणी मारत होते, उपरण्यानं वारा घालत होते. भिंतीशी आप्पा उभे होते, टोपी हातात धरून. दिवसभराची सवय जिभेला लागलेली. मी पळत पळतच म्हणालो, "शरणु, आप्पा." आवाज अगदी खणखणीत.

आप्पांनी आडव्या पडलेल्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बोलाय दम हाय की तुला," ते म्हणाले.

तेवढ्यात वस्ताद खुशीत आले. पोरगं पास झालं, हाच तर सराव, पुण्याला बघा, असं बरंच समजावत राहिले. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय वस्ताद. आमी बी मागावर रोज मेहनतच करतो. पर चादर निघती की."

मी चिडून म्हणालो, आत्ता परत अक्कलकोटला जाऊन येतो, बघा तुम्ही. त्यानं तर उलटंच झालं. एवढा जोर शिल्लक असेल तर तो मागालाच लाव, आप्पा म्हणाले आणि टोपी घालून घराकडं चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मी मागावर बसलो. आप्पांनी शब्द पाळला होता, आता मला पाळायचा होता. संध्याकाळपर्यंत बनियन पिळून काढावं इतकं भिजलं. आप्पांनी आपला माग थांबवला, उठून माझ्यामागं आले आणि ओल्या पाठीवर हात ठेवला. असा हात त्यांनी आयुष्यात कधी ठेवला नव्हता. "आता कसं," म्हणाले. मला त्या हाताचा इतका राग आला, की मी मागाचा धोटा आणखी जोरात मारला. आप्पांना वाटलं, पोरगं रमलं.